आईंचा दाणा

१८ नोव्हेंबर

डॉ. म्हणाल्या, रोज लिहून ठेवत जा. दम कधी लागला, किती लागला, काय करताना लागला. बरं बाई, लिहिते. आज उठल्यावर लागला. केर काढताना लागला. जिना चढताना तर विचारूच नका. झोपेत लागला नाही, पण झोपेत मला कुठे कळतंय.

या डॉ. नव्या. अंबरनाथ पूर्वेला दवाखाना. आमच्या सायलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल पोरगी, पण छाती तपासताना डोळे मिटून ऐकते, तेवढं आवडलं. आधीच्या डॉक्टरांनी दोन वर्षं नुसते पंप बदलले. निळा, नारिंगी, मग जांभळा. रंगपंचमी झाली, दम होता तिथेच.

दमा मला लहानपणापासून आहे. ओळखीचा आहे तो. येतो, छाती आवळतो, पंप मारला की जातो. आता जे आहे ते येत-जात नाही. बसूनच आहे.

२१ नोव्हेंबर

आज डॉ.चे नुसते प्रश्न. नवरा कुठे कामाला? रंगाच्या कंपनीत, एमआयडीसीत, पण स्टोअरला. तुम्ही? ब्लाउज शिवते, घरीच, गॅलरीत मशीन आहे. आजूबाजूला कारखाने? म्हटलं मॅडम, उल्हासनगर आहे, जीन्स धुणारे नि रंगवणारे गल्लोगल्ली, नाल्याचा रंग रोज नवीन. सगळं लिहून घेतलं त्यांनी.

"पक्षी पाळता का? पोपट, कोंबड्या, काही?"

छे हो. विठ्ठलवाडीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, इथे माणसं पाळताना जीव जातोय. हसल्या.

मग बोटाला तो चिमटा लावून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लावल्या. चालायच्या आधी ऑक्सिजनचा आकडा छान. चालून आले तर घसरला. डॉ. हसायच्या थांबल्या. "नुसत्या दम्यात असं सहसा होत नाही," म्हणाल्या.

येताना रिक्षात तेच डोक्यात. दम्यात होत नाही. मग कशात होतं?

२४ नोव्हेंबर, रवि.

प्र. घरी, कंपनीला सुट्टी. सकाळी उठून आईंना दाणा घातला, मग चहा. हा क्रम मोडत नाही. आधी आई, मग बायको. लग्न झालं तेव्हाही हेच होतं, तेव्हा निदान आई माणसात होत्या.

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं होतील. दहाव्याला कल्याणच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. प्र.नी हात जोडून काय काय कबूल केलं. सायलीचं शिक्षण पुरं करीन, गावचं घर मोडणार नाही, धाकट्या भावाशी बोलेन. कावळे समोर तारेवर ढिम्म. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात एक कबूतर उतरलं आणि पिंडाचा भात खाऊन गेलं. प्र. ढसाढसा रडले. म्हणाले, आईने जन्मात कोणाचं ऐकलं नाही, आता तरी कावळ्याच्या रूपात कशाला येईल! मीसुद्धा रडले. खोटं कशाला लिहू, मलाही पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या ग्रिलवर कबूतर. झालं. बाजरी सुरू. एकाची आता पलटण झालीय. त्यातल्या आई कोणत्या, हे विचारायचं नाही. एकदा विचारलं होतं, दोन दिवस बोलले नव्हते.

बाजरी शेजारच्या भाभींच्या दुकानातून येते. भाभी सिंधी, मला अदी म्हणतात, म्हणजे ताई. "अदी, कबूतर को दाना डालना बहुत पुण्य का काम है." पुण्य प्र.ना, झाडू मला. रोज ती वाळलेली घाण खरवडते, झटकते, मग मशीनवर बसते.

आज दम: खरवडताना. म्हणजे कामाने लागला. लिहिलं.

५ डिसेंबर, गुरु.

पहिला गुरुवार. घट मांडला, उपवास धरला. दुपारी दवाखान्यातून फोन. रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन कमी. उपवास बंद, गोळ्या सुरू. मोठी टेस्ट आहे, तिला डीएलसीओ म्हणतात, त्यासाठी हा आकडा लागतो. रक्त कमी असेल तर टेस्टही उगाच कमी दाखवते म्हणे.

लक्ष्मीला म्हटलं, तूच बघ आता. खिचडी खाल्ली. साबुदाण्याची नाही, साधी.

१६ डिसेंबर

टेस्ट झाली. हुश्श. म्हणजे हुश्श तरी कुठलं.

एक काचेची खोली, पीसीओ असायचा तशी. आत स्टूल, तोंडात नळी, नाकाला चिमटा. टेस्ट घेणारा बदलापूरचा, भला माणूस, काका म्हणावं अशा वयाचा. आधी नेहमीची फुंकायची टेस्ट. ती मला तोंडपाठ. मग ही दुसरी. म्हणाला, ताई, पहिल्या टेस्टने कळतं हवा नळ्यांतून येते-जाते कशी. दम्यात ते बिघडतं. हिच्याने कळतं ती हवा पुढे रक्तात उतरते का. म्हटलं, म्हणजे टाकी भरलीय, पण नळाला पाणी येतंय का? म्हणाला, अगदी तेच.

त्या हवेत म्हणे कार्बन मोनॉक्साइड असतो, इतकासा. मी म्हटलं, थांबा हो, तोच ना, गॅस गिझर लावून बाथरूम बंद केली की माणूस जातो तो? तोच. पण हा एवढा कमी की काही होत नाही. तुमचं रक्त तो किती पटकन ओढून घेतं, त्यावरून फुप्फुसं कशी आहेत ते ठरतं.

"सगळी हवा सोडा. अजून. अजून. आता जोरात आत घ्या, भरा, भरा. धरा! धरा, धरा, धरा..."

धरवेना. खोकला. पुन्हा. पुन्हा खोकला. मध्ये बसवायचा, पाणी द्यायचा. दहा सेकंद धरायचा असतो श्वास. दहा सेकंद म्हणजे काय, सुईत दोरा ओवायला लागतात तेवढे. मी रडायला लागले तिथे. शरम वाटली. तो म्हणाला, ताई, इथे रडून गेलेला प्रत्येक जण नंतर नीट करतो. खोटं बोलला असेल. पण त्यानंतर एकदा धरला. मग अजून एकदा.

बाहेर प्र. बसले होते, हातात माझी पर्स. एवढा मोठा माणूस बायकांची पर्स मांडीवर घेऊन. मला बघून उभे राहिले. "झालं ना? आता बरं वाटेल." अहो, टेस्ट होती, औषध नव्हतं.

२० डिसेंबर

बावन्न.

शंभर यायला हवा, ऐंशीला पण चाललं असतं. रक्त कमी आहे त्याचा हिशेब धरूनसुद्धा बावन्न. डॉ.नी दोनदा सांगितलं, नुसता दमा असता तर हा आकडा चांगला आला असता, कधी कधी तर शंभरच्या वरही येतो. म्हणजे मी आयुष्यभर ज्या दम्याला शिव्या घातल्या तो बिचारा निर्दोष.

माझं रक्त विषसुद्धा घ्यायला तयार नाही. हे प्र.ना बोलून दाखवलं तर म्हणाले, काहीतरी बोलू नकोस.

सायलीला फोनवर सांगितलं. पुण्याला असते ती, नोकरीला. ती नेटवर बघत बसली असणार, कारण नंतर केलेला फोन उचलला तेव्हा नाक चोंदलेलं होतं.

८ जानेवारी

छातीचा स्कॅन झाला. त्या नळकांड्यात पुन्हा तेच, श्वास घ्या, धरा, सोडा. जग माझ्या श्वासावर टपलंय.

१० जानेवारी

आज कळलं.

डॉ.नी स्कॅन उजेडावर लावला. पांढरं पांढरं, धुकं असावं तसं, दोन्हीकडे. खाली रेघा. म्हणाल्या हे बाहेरून काहीतरी रोज आत जातंय, त्याच्यावर फुप्फुसं सुजतात आणि मग निबर होतात. काय जातंय? पुन्हा प्रश्न सुरू. गादी, एसी, भिंतीला ओल. "पक्षी?" सांगितलं ना मॅडम, नाही पाळत. "कबुतरं येतात का खिडकीत?"

म्हटलं येतात की. आईंना दाणा असतो ना सकाळी.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोणाला?"

सांगितलं मग सगळं. घाट, कावळा, भात. सांगताना मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. गॅलरी. मशीन. झाडू. तीन वर्षं. डॉ. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला." हो विचारलं होतं. पाळता का, असं विचारलं होतं. आम्ही कुठे पाळतो? कोणी आईला पाळतं का?

प्र. शेजारीच होते. रिक्षात बाहेर तोंड करून बसले.

११ जानेवारी

सकाळी डब्याचं झाकण वाजलं. बाजरीच्या. मी पलंगावर उठून बसले. म्हटलं, अहो, काल ऐकलं ना?

"आज एक दिवस. एकदम कसं बंद करू? ती येऊन बसलीय बाहेर."

"ती कबुतरं आहेत."

"दहाव्याला तू पण रडलीस."

"रडले, म्हणून मरू का?"

मग ते जे बोलले ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते. "आईला घराबाहेर काढू मी?" मी म्हटलं, नका काढू, मला काढा. दोघींपैकी एकीला तर काढावंच लागेल. मग खोकला आला आणि पुढचं भांडण खोकल्यातच गेलं. माझं भांडायचंही बळ गेलंय. एके काळी याच माणसाला मी तोंडाने हरवत होते.

दाणा घातला नाही त्यांनी. डबा हातात धरून बसून राहिले, आंघोळ न करता.

१४ जानेवारी

संक्रांत. भाभी तिळाचे लाडू घेऊन आल्या. त्यांना सांगितलं, तर विश्वासच बसेना. "अदी, कबूतर से? अरे वो तो शांती का पंछी है!" म्हटलं, भाभी, शांतीच होणार आहे, माझी. त्यांना कळलं नाही, बरंच झालं.

प्र. गोड बोलत नाहीत, कडूही बोलत नाहीत. बोलतच नाहीत.

१९ जानेवारी, रवि.

प्र.नी स्वतः जाळी लावली. माणूस बोलावला नाही. ग्रिलला बाहेरून लटकून, एक एक गाठ. मला आत बसवून दार लावून घेतलं होतं, तोंडाला मास्क. गॅलरी धुतली फिनेलने. माझी मशीन आत आणली. सगळं केलं हो त्या माणसाने, नाही कसं म्हणू.

काम झाल्यावर कबुतरं आली आणि जाळीवर बसली. फडफड, घुटर्रघू, आत बघतात. प्र. काचेच्या या बाजूला उभे. मी पाठीमागून बघत होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, ठेवला नाही.

३ फेब्रुवारी

स्टेरॉइड सुरू. डॉ. म्हणाल्या, चेहरा चंद्रासारखा होईल. सायली व्हिडिओवर बघून म्हणाली, आई, गाल भरले तुझे, छान दिसतेस. पोरगी आहे माझी, खोटं बोलायला माझ्याकडूनच शिकली.

आत अंधार आहे. दोरा दिसत नाही. पाटीलबाईंच्या ब्लाउजला बाही उलटी लागली, उसवून पुन्हा. काम कमी घ्यायला लागले. बायका चांगल्या आहेत, तोंडावर काही बोलत नाहीत, नुसतं कापड दुसरीकडे देतात.

२७ फेब्रुवारी

थोडं बरं. खरंच. खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत एकाच ठिकाणी थांबले. भाभींनी टाळ्या वाजवल्या. प्र.ना सांगितलं, तर हसले. किती दिवसांनी. रात्री भजी केली त्यांनी, ओवा जास्त पडला.

१७ मार्च

पुन्हा खोकला. चार दिवस झाले. होळीच्या धुराने, असं मीच ठरवलं. डॉ. म्हणाल्या, नक्की? घरात पक्षी नाहीत ना? नाहीत, जाळी आहे.

२३ मार्च, रवि.

कपडे भिजवायला घेतले. प्र.च्या पँटच्या खिशात बाजरी. आणि शर्टाच्या कॉलरला आतून बारीक पीस चिकटलेलं, करडं.

विचारलं नाही लगेच. बादलीपाशी बसून राहिले. आधी राग आला, मग राग पण गेला, मग काहीच उरलं नाही. माझ्याशी खोटं बोलायला हा माणूस पंचवीस-सव्वीस वर्षांत शिकला नव्हता. आईसाठी शिकला.

संध्याकाळी विचारलं. गच्चीवर जातात. सकाळी, मी झोपेत असताना. "गच्ची लांब आहे, वैशू. तुला काय त्रास होणार?" अहो, त्याच शर्टाने माझ्या शेजारी येऊन चहा पिता ना. डॉ.नी सांगितलं होतं, कपड्यांवरून, केसांवरून धूळ येते. ऐकलं होतं त्यांनी. म्हणतात, "मला वाटलं एवढ्याशाने काय होतंय."

सायलीला फोन लावला मीच. चुकलं माझं, पण लावला. ती बापावर अशी चढली! "बाबा, तुम्हाला आई हवी की कबुतरं, एकदाच सांगा." प्र.नी फोन कानाला धरून एवढंच म्हटलं, "ती पण आईच आहे गं माझी." आणि मला दिला फोन परत.

२४ मार्च

म्हणाले, आता नाही घालणार. शपथ घ्यायला निघाले होते, आईची. म्हटलं राहू द्या.

मी पण एक सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर खुशाल घरी या. कबूतर आलं तर हाकलून द्या. पोपट आला, मोर आला, कोणीही आलं तरी ती मी नाही. मी नाही यायची परत, इथे एकदा श्वास घेताना एवढे हाल झाले. ते उठून आत गेले. बाथरूमचा नळ सोडला. उद्या पाणी बंद आहे, म्हणून भरून ठेवलेलं, ते नाही वापरलं, नळच सोडला, नुसता. वाहत राहिलं पाणी. मी पण ओरडले नाही.

१९ एप्रिल

खरंच नाही घालत. मी खिसे बघते, लाज वाटते, तरी बघते. नसतं काही. वजन उतरलंय त्यांचं. कंपनीतून येतात, जेवतात, जाळीकडे पाठ करून बसतात. कबुतरं आता येत नाहीत. त्यांनी दुसरीकडे बघितलं असेल. एखादंच येऊन बसतं. ते आलं की प्र. उठून आत जातात. घरात दोन आजारी माणसं आहेत, औषध एकालाच.

१० जून

वटपौर्णिमा. खाली बायका नटून निघाल्या, मला हाक मारली. वडापर्यंत जायचं म्हणजे चढ आहे. नाही गेले. सात जन्म हाच नवरा मागायचा म्हणे. या एका जन्माला दम पुरेना. भाभींनी वडाची फांदी आणून दिली, त्यांच्यात नसतं हे, तरी आणली. कुंडीत खोचून धागा गुंडाळला. फेऱ्या बसूनच, नुसता हात फिरवला. मागितलं काय? श्वास मागितला. नवरा तसाही आहेच.

११ जुलै

आता आंघोळीनंतर बसावं लागतं. केस विंचरायला हात वर केला की लागतो. डॉ. म्हणतात पुढच्या वेळी ऑक्सिजनच्या मशीनचं बघू, घरी ठेवायची. म्हणजे शिलाई मशीन काढून तिथे ती मशीन. जागा एकच आहे.

मग कबुतरं बंद करून काय झालं? हे मी विचारलं नाही डॉ.ना. घाबरले.

२९ ऑगस्ट

भाभींकडे दीड दिवसाचा गणपती होता, काल गेला. आरतीला गेले होते. नुसत्या टाळ्या वाजवल्या. एके काळी माझा आवाज चौथ्या मजल्यावर जायचा.

२ सप्टेंबर

पुन्हा ती टेस्ट. तेच बदलापूरचे काका. ओळखलं त्यांनी. "ताई, या वेळी पहिल्याच फेरीत धरणार तुम्ही." धरला. पहिल्याच फेरीत. काच उघडून म्हणाले, वा! मी एवढी खूश झाले. वेडी. धरता आला म्हणजे चांगला येईल असं थोडंच आहे. शाळेत पेपर पूर्ण लिहिला म्हणून पास होतो का आपण?

५ सप्टेंबर

सत्तेचाळीस.

प्र. सोबत होते. त्यांनी आकडा ऐकला आणि डॉ.कडे असे बघायला लागले, जणू कोणी तरी फसवलंय त्यांना. "पण मॅडम, मी बंद केलं. सगळं बंद केलं. मार्चपासून एक दाणा नाही." डॉ. म्हणाल्या, मला माहितीय. बंद केलं नसतं तर याहून खाली गेला असता. मग हळू म्हणाल्या, "जे निबर झालंय ते परत मऊ होणार नाही. जे उरलंय ते मात्र जपायचं."

प्र.नी पहिलं वाक्य ऐकलं. मी दुसरं. दोघं एकाच खुर्चीच्या अंतरावर बसलो होतो.

बाहेर आल्यावर मला त्यांचा हात धरावासा वाटला, जिन्यासाठी. तो हात त्यांनी आधीच पुढे केला होता. चांगला माणूस आहे. हेच तर मला सहन होत नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. गच्च्यागच्च्यांवर पानं. प्र. रोज कॅलेंडर बघतात, उचलून, पुन्हा टांगतात. आईंची तिथ रविवारी. मी विचारत नाही.

मला भीती वाटते. मरायची वाटते ती वेगळी. ही वेगळीच.

१४ सप्टेंबर, रवि.

तिथ. खीर, वडे, भाजी, भात. निम्मं भाभींनी केलं. गच्चीवर पान ठेवलं, कावळे आले, खाऊन गेले. व्यवस्थित. प्र. बघत राहिले. कावळा गेल्यावर पण तिथेच उभे होते, म्हणे.

चारच्या सुमारास मी खाली गेले, पाटीलबाईंचा शेवटचा ब्लाउज द्यायला. त्या वर आल्या असत्या, पण म्हटलं आपण जाऊ, आज जरा बरं वाटतंय. उतरताना काही नाही. चढताना मात्र फार झालं. पहिल्या मजल्यावर बसले, दुसऱ्यावर बसले. वरच्या शेवटच्या पायरीशी पोचले तर प्र. दारात, चपला घालून, हातात कापडी पिशवी.

"वैशू, एक विचारू? रागावू नकोस."

मी कठडा धरून उभी. मानेनेच म्हटलं, विचारा.

"डॉ. म्हणाल्या ना, झालं ते आता भरून येणार नाही. आकडा खालीच गेला. म्हणजे मी बंद करून काही... मग आईने काय घोडं मारलंय? घरी नाही, गच्चीवर नाही. तिकडे लांब, एसटी डेपोच्या पलीकडे. येऊन आंघोळ करीन, कपडे बाहेर काढीन. पण तू नाही म्हणालीस तर नाही. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

डोळे भरलेले होते त्यांचे. खरंच माझ्या उत्तरासाठी थांबले होते. हात पण जोडलेले, पिशवीसकट.

मी नाही म्हणत होते. नाही, मला जगायचंय, उरलंय तेवढं तरी जगायचंय, सत्तेचाळीस तर सत्तेचाळीस. सगळं तयार होतं तोंडात. छाती वरखाली होत होती, ओठ हलत होते, आवाजच निघेना. घशात नुसती शिट्टी. प्र. बघत राहिले माझ्या तोंडाकडे. बराच वेळ. मग म्हणाले, "बरं," आणि मला आत आणून पलंगावर बसवलं, पंप हातात दिला, पंखा लावला.

आणि पिशवी उचलून खाली गेले.

आता बोलता येतंय मला. मघाशी एकदा बोलून बघितलं, मोठ्याने, रिकाम्या घरात. नाही, म्हटलं. नीट आलं. ते अजून आलेले नाहीत.